युनियनच्या साथींनो, मनापासून आभार

आमच्या वस्तीच्या पाण्याच्या प्रश्नाशी तुमच्या कारखान्याचा काही संबंध नव्हता. तरी पाळी संपली की तुम्ही थेट आमच्या बैठकीला यायचात. निवेदन कसं लिहायचं, त्याची पोच का घ्यायची, सभेत विषय भरकटू कसा द्यायचा नाही, हे आम्ही तुमच्याकडूनच शिकलो. मत कुणाला द्या, हे मात्र तुम्ही कधीच सांगितलं नाही. प्रत्येक उमेदवाराला पाण्याचा तोच प्रश्न विचारायला लावलात. मला याचं फार मोल वाटतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४८ च्या ८७ क्रमांकाच्या कराराने कामगारांचा संघटनेचा हक्क मान्य केला. तुम्ही तो शेजाऱ्यांसाठीही राबवलात. संपात स्वतःचे पगार थांबलेले असतानाही आमच्या आजाऱ्यांसाठी वर्गणी काढलीत. नावं नकोत म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण तुमच्या पुढच्या मोर्चात आम्ही सगळे असू.