मंगळावर हेलिकॉप्टर नेणार असाल, तर आधी अलिबागला विचारा

प्रति,
मा. डॉ. जितेंद्र सिंह,
केंद्रीय राज्यमंत्री, विज्ञान व तंत्रज्ञान (स्वतंत्र कार्यभार) आणि अंतराळ

सविनय नमस्कार.

पुढच्या मंगळ मोहिमेत छोटं हेलिकॉप्टर नेण्याचा विचार असल्याच्या बातम्या वाचल्या. ते जाणारच असेल तर त्यावर मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण बसवा, एवढंच मागणं आहे. मंगळयानावर पाच उपकरणं होती, त्यांत हे नव्हतं.

मंगळाचं ग्रहव्यापी चुंबकीय क्षेत्र अब्जावधी वर्षांपूर्वी संपलं. पण त्या काळात थिजलेल्या खडकांत त्याची खूण राहिली. १९९७ मध्ये पोहोचलेल्या 'मार्स ग्लोबल सर्व्हेयर' या नासाच्या उपग्रहाला ती वरून सापडली, दक्षिणेकडच्या जुन्या पठारांवर सर्वांत ठळक. शेकडो किलोमीटरवरून बारकावे मात्र पुसले जातात. २०१८ मध्ये उतरलेल्या नासाच्या 'इनसाइट' यानानं जमिनीवर मोजलं, तर क्षेत्र उपग्रहांवरून बांधलेल्या अंदाजाच्या सुमारे दहापट निघालं! पण ते यान एका जागी बसलेलं. खालून उडत पट्टेच्या पट्टे मोजणारं कुणीतरी हवं. नासाच्या लँग्ली केंद्रानं त्यासाठी 'एरीज' नावाचं विमान आखलं, ते कागदावरच राहिलं. पुढे नासाच्या 'इंजेन्युइटी' या छोट्या हेलिकॉप्टरनं तिथल्या विरळ हवेत ७२ उड्डाणं केली, पण मॅग्नेटोमीटर त्याच्यावरही नव्हता. म्हणजे जागा अजून रिकामी आहे.

अडचण खरी आहे. हेलिकॉप्टरच्या मोटारींत चुंबक असतात, आणि पाती फिरताना तारांतून वाहणारा प्रवाह मोजमापात मिसळतो. आपल्या 'आदित्य-एल१' या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या यानाचे मॅग्नेटोमीटर सहा मीटर लांब दांड्यावर बसवून यानापासून दूर ठेवलेत. दोन-तीन किलोच्या हेलिकॉप्टरला ती चैन परवडणार नाही.

हे दुखणं आपल्याला जुनं आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाबा वेधशाळेच्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे तिचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि ते काम अलिबागला नेलं. १९०४ पासूनच्या त्या इमारतीत लोखंड टाळलं, दगडही आपला काळा कातळ नव्हे, तर चुंबकत्व नसलेला बाहेरून आणवला. ही वेधशाळा चालवणारी पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था आपल्याच खात्याकडे येते आणि इस्रोही आपल्याकडेच. दोघांना एका टेबलाशी बसवायला तिसऱ्या कुणाची परवानगी लागू नये. (लागते, असं ऐकून आहे.)

मोटारी कुठल्या घ्यायच्या, तारा कशा गुंडाळायच्या, सेन्सर एक की दोन, हे पनवेलकरांना सुरुवातीलाच विचारावं. चाचणीसाठी दख्खनचा बेसॉल्ट, म्हणजे तोच काळा कातळ, आहेच; त्यातलं चुंबकत्व कुठे सुलटं, कुठे उलटं, हे नीट अभ्यासलेलं आहे. त्यावर ड्रोन उडवून नोंदी पडताळता येतील. शिवाय प्रत्येक उड्डाणानंतर, पाती थांबल्यावर, काही मिनिटं मोजायचं. तेवढा तरी आकडा मोटारींच्या प्रवाहापासून मुक्त मिळेल.

आराखडा गोठवण्याआधी ही बैठक व्हावी. नंतर बोलावलं, तर पनवेलचे लोक येतील, चहा घेतील आणि परत जातील.

कळावे,
आपला,
विज्ञानाचा एक शिक्षक