जुन्या शेवरलेच्या मदतगारांचे आभार

डेन्व्हरच्या १६०० मीटर उंचीवर आमच्या १९७२ च्या शेवरले सी-१० पिकअपचा कार्ब्युरेटर (इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) तिथल्या विरळ हवेत नको इतकं पेट्रोल ओतायचा, स्पार्क प्लग काळेकुट्ट. आता त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन (पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा) बसलंय, पण ते एकट्याचं काम नव्हतंच. या मॉडेलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या मागे. ती उतरवायला धावून आलेले शेजारी, आत पंप बसवून जादा पेट्रोल टाकीत परत आणणारी लाइन ओढणारे आजोबा (पैसे घेतले नाहीत, पोहे मात्र मागून घेतले!), सगळ्यांचे मनापासून आभार. एक्झॉस्टच्या पाइपला ऑक्सिजन सेन्सरची (पेट्रोल कमी-जास्त होतंय का ते धुरावरून सांगणाऱ्या) जागा वेल्ड करून देणाऱ्या ताई, काय सफाई आहे हाताला! जुन्या पंपाचा दाब जेमतेम ५-६ पीएसआय (दाबाचं एकक), आमच्या इंजेक्शन किटला ५८ लागतो. म्हणून एवढा दाब न झेपणाऱ्या जुन्या रबरी नळ्या हट्टाने बदलायला लावणाऱ्या अनोळखी गृहस्थांचे विशेष आभार. हिवाळ्यातही आता चावी फिरवली की गाडी सुरू.