सिस्टरना जेवायला तरी वेळ द्या

आई अतिदक्षता विभागात होती, तेव्हा नऊ रात्री मी दाराबाहेरच्या बाकावर काढल्या. आत एकच सिस्टर तीन व्हेंटिलेटर सांभाळत होत्या. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष मात्र तिथे एका रुग्णामागे एक परिचारिका असा आहे. एका पहाटे शेजारचा रुग्ण दगावला. नातेवाइकांची शिवीगाळ ऐकत सिस्टरनी सगळे आवरले आणि लगेच आईचे सक्शन (नळीने कफ ओढून काढणे) करायला वळल्या. त्यांचा जेवणाचा डबा तसाच होता. औषधे द्यायला आत गेलो, तेव्हा त्या कपाटाआड उभ्यानेच रडत होत्या.

१२ मेला, परिचारिका दिनी, गुलाब देण्याआधी रिक्त पदे भरा. तोवर निदान प्रत्येक पाळीत जेवणाची हक्काची सुट्टी आणि असा मृत्यू झाल्यावर बदली सिस्टर द्या. पहिल्या रात्री मीही त्यांच्यावर आवाज चढवला होता. माफी मागायची राहून गेली.

— एक वाचक