आजीच्या कामाचा दर

पेडणे, गोवा
जून महिना

प्रिय सई,

फोनवर तू विचारलंस, "खरंच बाजारात बसलीस?" बसले गं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, कोकमाची सोलं (वाळवलेली सालं) आणि आगळ (खारवलेला रस) घेऊन. आता बाहेर पाऊस धो धो कोसळतोय, अकरावीचे वर्ग सुरू व्हायचेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमच्या घरामागच्या भिरंडी, कोकमाची झाडं गं, तू पाहिल्या आहेस. दरवर्षी एक व्यापारी यायचा, झाडावरची फळं नजरेनंच जोखायचा आणि एकरकमी पैसे देऊन घेऊन जायचा. यंदा मी बाबांना म्हटलं, "झाडं मला द्या. तो देतो तेवढे पैसे मी देईन, वरचे माझे." बाबा म्हणाले, "दे लिहून." मी वहीत लिहून सही करून दिली.

तुमच्याकडे कुडाळला रातांब्यांचं, म्हणजे याच फळांचं, काम घरोघरी चालतं, त्यामुळे तुला वेगळं सांगायला नको. तरी आजीबरोबर बसून केल्यावर मला ते पहिल्यांदा नीट दिसलं. फळ उभं चिरायचं, अंगठ्यानं बिया आणि गर काढून घ्यायचा, साल उन्हात टाकायची. मग मीठ घातलेल्या रसात भिजवायची, पुन्हा वाळवायची, पुन्हा भिजवायची. साल काळपट, मऊ आणि एकमेकींना चिकटेल अशी होईपर्यंत हेच. मीठ आगरवाड्याच्या मिठागरातलं, जाडं; बारीक मिठाला आजी हात लावत नाही. आंबट रसानं तिच्या अंगठ्याच्या नखाखाली जांभळी रेघ उमटते आणि कातडी चिरते. रात्री ती खोबरेल लावून हातावर जुनं फडकं गुंडाळून झोपते. इतकी वर्षं मी ते फडकं पाहत होते, ते कशासाठी हे कधी विचारलं नव्हतं.

यंदा पावसानं मे महिन्यातच गाठलं. अर्धी सालं अंगणात आणि आभाळ भरून आलेलं! चुलीवरच्या माळ्यावर मावतील तेवढी चढवली. बाकीच्यांचं काय करायचं, म्हणून माझा जीव खालीवर होत होता. आजी शांतपणे म्हणाली, "वाळत नाहीत तर पाझरू देत." ओल्या सालांचे आणि मिठाचे थर बरणीत लावले. मीठ रस ओढून घेतं. काही दिवसांनी गाळलं की झाली आगळ. सोलं कमी झाली, पण आगळ भरपूर निघाली, आणि पुढे तीच जास्त खपली.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. खाण्याचा जिन्नस विकायचा तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. मी अजून १८ वर्षांची नाही आणि १८७२ सालच्या करार कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलांना करार करता येत नाही, म्हणून सगळं आईच्या नावावर. क्यूआर कोडसुद्धा तिचाच. मी बाजारात विकत होते आणि पैसे जमा झाल्याचे मेसेज घरी तिच्या मोबाइलवर वाजत होते.

खरी गोष्ट पुढेच आहे. किंमत ठरवायला बसले तेव्हा वहीत खर्च मांडला. बाबांना द्यायचे पैसे, मीठ, झाकणासह काचेची बाटली २२ रुपये, लेबल, बसभाडं, पालिकेचा सोपो, म्हणजे बाजारात बसायचा कर. बाबांनी बेरीज तपासली आणि म्हणाले, "छान, एवढ्यावर थोडा फायदा धर." मी विचारलं, "आणि आजीचे?" तर घरात सगळेच गप्प. आजीच सगळ्यांत आधी बोलली, "घरच्या कामाचे कसले गो पैसे?"

सई, मला तिथे फार वाईट वाटलं, आणि रागही आला. काजू वेचायला जाणाऱ्या बायकांना गावात जी रोजंदारी मिळते, तीच मी आजीच्या नावापुढे लिहिली. त्याबरोबर आगळीची बाटली १८० रुपयांवर गेली. बाबा म्हणाले, "दुकानात याहून स्वस्त मिळते, कोण घेणार?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण आजीची मजुरी वगळूनच जर माल स्वस्त पडणार असेल, तर मी काय विकत होते? तिचे फुकटचे दिवसच ना? मी किंमत खाली आणली नाही.

पुरुमेंताचे दिवस होते, पावसाची बेगमी करायला माणसं लोटलेली. सुकी मासळी, मिरच्या, कांद्याच्या माळा, सगळीकडे तोबा गर्दी. शेजारी हरमलच्या मिरच्या घेऊन एक मावशी बसली होती. तिनं सकाळीच सांगितलं, "भाव सांगून गप्प बस, लगेच कमी करू नको." पहिल्या बाईनं एक सोल उचललं, बोटांत चुरडून मीठ किती सुटतं ते पाहिलं, वास घेतला, जिभेवर ठेवलं. "आगळीत रंग ना मगो?" म्हणजे वरून रंग घातलेला नाही ना, असं तिनं विचारलं. मी घरून आणलेल्या पाण्यात चमचाभर आगळ घालून पेला पुढे केला. किंमत ऐकून ती म्हणाली, "म्हारग गो बाये." मी म्हटलं, "आजीची मजुरी धरलीय त्यात." ती माझ्याकडे बघत राहिली आणि दोन बाटल्या घेतल्या. सगळ्यांनी घेतल्या असं नाही. कितीतरी जण भाव ऐकून पुढे गेले. पण शेवटच्या बाजारापर्यंत माझा माल संपला.

बाबांचे पैसे दिले, आजीचे पाकिटात घालून दिले. मला उरले ते थोडेच, पण उरले. आजीनं पाकीट दोनदा परत केलं, तिसऱ्यांदा घेतलं. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर ती शेजारच्या काकूंना अंगणात थांबवून दर सांगत होती. काकू वर्षानुवर्षं एका व्यापाऱ्यासाठी सोलं करून देतात. आता पुढच्या मोसमात त्यांचीही भिरंडं माझ्याकडे, त्याच मजुरीवर!

म्हणून तुझ्याकडे काम आहे. आमच्या मागच्या एका भिरंडीला कधीच फळ धरत नाही, ती नर आहे. बियांपासून लावलं की नर की मादी ते कळायला वर्षं जातात, म्हणून मला कलमंच हवीत. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात 'कोकण अमृता' जातीची कलमं मिळतील का, आणि कितीला, एवढं काकांना विचारून कळव. पाऊस आहे तोवर लावायला हवीत. तुझ्यासाठी एक बाटली बाजूला काढून ठेवली आहे, येशील तेव्हा ने.

तुझीच,
तनू