आधी ते पालथ्या माणसाचं चित्र काढा : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

मी निवृत्त तारमार्गतंत्री, म्हणजे लाइनमन. 31 वर्षं खांबावर चढलो. कुठल्या तालुक्यात, कुणाच्या नोकरीत, हे मुद्दाम लिहीत नाही. माझं भांडण एका तक्त्याशी आहे. शॉक लागलेल्या माणसावर काय उपचार करायचे, याचा तक्ता उपकेंद्रात लावणं नियमाने बंधनकारक असतं. आमच्याकडेही होता, काचेच्या चौकटीत, पिवळा पडलेला. चित्रात एक माणूस पालथा पडलाय आणि दुसरा त्याची पाठ दाबतोय.

एका पावसाळ्यात आम्ही नेमकं तेच केलं. डीपीचं हँडल ओढून सप्लाय बंद केलेला होता, पण कुणाच्या तरी जनरेटरचा उलटा सप्लाय लाइनवर आला आणि आमच्यातला 26 वर्षांचा कंत्राटी पोरगा चिकटला. खाली उतरवला, पालथा घातला, पाठ दाबली. एकजण तळपाय चोळत होता. ग्रामीण रुग्णालय गाठायला 25 मिनिटं लागली. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "छाती दाबली होती का?"

त्या प्रश्नापायी निवृत्तीनंतर वाचत सुटलो. पाठ दाबायची पद्धत एडिनबरोच्या शेफर या प्राध्यापकाची, 1903 च्या सुमाराची. ती बुडालेल्यांचा श्वास चालू करण्यासाठी होती. शॉकने बहुतेकदा आधी बिघडतं ते हृदय. लयीत आकुंचन पावायचं सोडून ते नुसतं थरथरत राहतं आणि रक्त पुढे जातच नाही.

हे ज्यांनी धसास लावलं ते विल्यम कूवेनहोव्हन डॉक्टर नव्हते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ते इलेक्ट्रिकल इंजिनियर होते. लाइनमन मरत होते म्हणून तिथल्या वीज कंपन्यांनी या संशोधनाला पैसे दिले. थरथरणारं हृदय विजेच्याच दुसऱ्या धक्क्याने ताळ्यावर येतं, हे कूवेनहोव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1933 मध्ये कुत्र्यांवर दाखवलं. काट्याने काटा काढावा तसं. पुढे 1958 मध्ये त्यांचा विद्यार्थी गाय निकरबॉकर याच्या लक्षात आलं की जड इलेक्ट्रोड कुत्र्याच्या छातीवर दाबले की वीज सोडायच्या आधीच रक्तदाब थोडा वर चढतो. म्हणजे नुसत्या दाबाने रक्त फिरतं! जेम्स ज्यूड या सर्जनला सोबत घेऊन त्यांनी ही युक्ती माणसांवर वापरली आणि जुलै 1960 मध्ये 20 रुग्णांचा अहवाल छापला. त्यातले 14 वाचले होते. याला लागतात फक्त दोन हात, असंही त्यांनी त्यात लिहून ठेवलं.

साहेब, लाइनमनच्या मरणातून सुरू झालेलं हे संशोधन जगभरच्या दवाखान्यांत पोचलं. आमच्या उपकेंद्राच्या भिंतीपर्यंत तेवढं आलं नाही.

एकदा एका अधिकाऱ्याने मला सुनावलं होतं, "लाइनमन आता डॉक्टर होणार का?" तेव्हा गप्प बसलो. आज सांगितलं असतं की शोध लावणाराही डॉक्टर नव्हता.

हृदय थरथरत असताना कुणी काहीच केलं नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटते. 108 कितीही पळाली तरी डोंगरातल्या फीडरवर पाच मिनिटांत येणार नाही. तिथे असतो तो जोडीदार. त्याला हे यायला हवं : सप्लाय बंद केल्याची खात्री, माणूस उताणा, छातीच्या मधोमध तळहातावर तळहात, किमान 5 सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. शिकलेला असेल तर 30 दाबांनंतर तोंडाने 2 श्वास.

हे भाषणाने येत नाही. वर्षातून एकदा पुतळ्यावर घाम गाळून करून घ्यावं लागतं, आणि कंत्राटी पोरांकडून सगळ्यात आधी, कारण खांबावर आता तीच चढतात. प्रत्येक लाइन गाडीत एईडीची, म्हणजे थरथरणाऱ्या हृदयाला विजेचा धक्का देणाऱ्या यंत्राची पेटी द्या. ती हृदयाची लय स्वतः तपासते, गरज नसेल तर शॉक देत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. फक्त तिच्यातला आवाज मराठीत असू द्या.

पेट्यांना निविदा लागतील, वेळ जाईल, ते समजतं. तक्त्याला काही लागत नाही. या महिन्यात नवा छापा, आणि त्यातून आधी ते पालथ्या माणसाचं चित्र काढा.

आपला,
एक निवृत्त तारमार्गतंत्री