बाबांच्या पंचाहत्तरीचं जेवण

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "तुम्ही सगळे हॉटेलात जा, आम्ही दोघं चिऊला घेऊन घरी थांबतो." तेव्हा मी गप्प बसले, पण ते काही मनातून जात नाही, म्हणून लिहिते आहे. पंचाहत्तरी बाबांची आणि बाबाच घरी, असं जेवण मला नकोच आहे. पावणेदोन वर्षांची नात आणि तिचे आजी-आजोबा एका टेबलाशी बसून जेवावेत, एवढ्यासाठीच हा सगळा घाट घातला आहे.

बाबा, तुम्ही वैशालीचं नाव काढलंत. फर्ग्युसन रस्त्यावरची रविवारची गर्दी तुम्हाला माहीतच आहे. चौदा माणसं, तुमचा गुडघा आणि कडेवर न ठरणारी चिऊ, एवढं सगळं घेऊन टेबलासाठी ताटकळत उभं राहणं जमणार नाही. तिथे आपण तिघं एखाद्या सकाळी लवकर जाऊ. बाणेर-बालेवाडीकडे मुलांना खेळायला कोपरा असलेली हॉटेलं आहेत, निखिलला ती पसंत होती. पण तिथे ऑर्डर दिल्यावर बराच वेळ वाट बघावी लागते आणि मोठ्याने गाणी लावलेली असतात. आत्याला तर त्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू येणार नाही.

म्हणून मी थाळीवर आले, आणि जितका विचार केला तितकं ते मला पटत गेलं. थाळीत बसल्या बसल्या ताटात अन्न येतं. भुकेलेल्या लहान मुलाला पंधरा-वीस मिनिटं खुर्चीत बसवून ठेवणं किती कठीण असतं हे तुम्हाला मी काय सांगायचं! शिवाय वाढपी फिरतच असतात. चिऊला आधी भरवून मी मागून बसले तरी मला गरम पोळी मिळते. आई, आम्ही लहान असताना कुठेही गेलो तरी तुझं जेवण नेहमी गार झालेलं असायचं. या वेळी तू चिऊला भरवायला बसायचं नाहीस. ते निखिल आणि मी आळीपाळीने करू.

ठरवलंय ते कोथरूडमध्येच, घरापासून जवळ. फोनवर "बेबी चेअर आहे का?" विचारलं की सगळीकडे "आहे" असंच सांगतात, म्हणून मी स्वतः जाऊन बघून आले. एका ठिकाणी खुर्ची होती पण पट्टा तुटलेला, दुसरीकडे पट्टा फक्त कमरेचा. दोन्ही मांड्यांमधून येणारा पट्टा नसेल तर मूल खाली घसरत जातं आणि गळ्याशी अडकू शकतं. इथली खुर्ची दणकट आहे. जागा तळमजल्यावर, आत जाताना एकच पायरी. बाथरूममध्ये कमोड आहे, बाबा, तेही पाहिलं. चिऊचे कपडे बदलायला वेगळी सोय नाही, ते मांडीवर करू.

बसायची जागाही नीट मागून घेतली आहे. थाळीच्या ठिकाणी खरी भीती असते ती उकळत्या आमटीच्या भांड्यांची. वाढपी घाईत असतात आणि लहान मूल हात कधी बाहेर काढेल याचा नेम नसतो. म्हणून चिऊची खुर्ची भिंतीकडे, वाढपाच्या वाटेपासून लांब, आणि तिच्या एका बाजूला दादा. बाबा त्याच भिंतीकडे, म्हणजे त्यांना पाय लांब करता येईल. सिगारेटचंही विचारलं, कारण बाबांना धुराने लगेच ढास लागते. 2003 च्या तंबाखूविरोधी कायद्याप्रमाणे तीस किंवा जास्त आसनांच्या हॉटेलला धूम्रपानाची वेगळी जागा ठेवता येते. इथे तशी जागाच नाही.

वेळ साडेअकराची घेतली आहे. दादा म्हणाला, एवढ्या लवकर कोण जेवतं? पण एक वाजला की चिऊ झोपेला येते आणि मग ती कुणाचंच ऐकत नाही. आईची गोळी आणि जेवणही साडेबाराच्या पुढे जायला नको. त्या वेळी हॉल रिकामा असतो आणि वाढपीही निवांत असतात. वरण-भात, तूप, फुलका आणि बिनतिखटाची एक भाजी तिच्यासाठी आधी आणून द्यायला सांगितली आहे. आईसाठीही तीच भाजी चालेल, तिच्यात साखर घालू नका म्हणून सांगून ठेवलंय. एवढ्या लहान मुलाचं ताट ते लावत नाहीत, मोठ्यांच्या ताटातलं भरवलं तर पैसे घेत नाहीत.

बाबा, एक विनंती आहे, रागावू नका. तुमच्या खिशातले दाणे आणि फुटाणे चिऊला फार आवडतात आणि तुम्ही ते प्रेमाने देता. पण पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत असं डॉक्टर बजावून सांगतात, कारण ते श्वासनलिकेत अडकतात. द्राक्षंही उभी चिरूनच द्यायची. साबुदाण्याची खिचडी आली तर तिच्यातले दाणे मी बघून घेईन. तुम्ही तिला भात भरवा, तुमच्या हातून ती दोन घास जास्त खाते.

आई, तू पुरणपोळ्या करून आणते म्हणालीस. नको. शनिवारी दुपारपर्यंत साताऱ्याहून निघा, रात्री इथे आराम करा. रविवारी सकाळी प्रवास करून थेट टेबलाशी बसलात तर दोघंही थकून जाल. फक्त मेतकूट तेवढं आण, इथलं चिऊला चालत नाही. मला माणसांचा आकडा बुधवारी हॉटेलला कळवायचा आहे. तुमच्या दोन जागा धरूनच चौदा आहेत, त्यात बदल करणार नाही.

आत्याला आणि काकांना नमस्कार.

तुमची,
मनू