दिसत नाही तोच खलनायक

महोदय,

मांगा म्हणजे जपानी चित्रकथा; तिच्यातला खलनायक म्हणजे आरडाओरडा करणारा राक्षस, हा समज नाओकी उरासावा यांच्या ‘मॉन्स्टर’ने (१९९४ ते २००१, १८ खंड) पार मोडीत काढला. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरातला डॉ. तेन्मा महापौरांना सोडून गोळी लागलेल्या लहानग्या योहानवर शस्त्रक्रिया करतो. नऊ वर्षांनी तोच योहान त्याच्यासमोर शांतपणे खून करतो. योहान चौकटींत दिसतो फार थोडा. त्याची दहशत कळते ती इतरांच्या बोलण्यातून. बरेच चित्रकार नेमके उलटे करतात, खलनायकाला पानोपानी नाचवतात आणि त्याची धार घालवतात! योहान लहानपणी राहिलेल्या पूर्व जर्मनीतल्या अनाथालयाचा संदर्भही त्याच्या क्रौर्याचे सरळसोट कारण म्हणून येत नाही. नव्या वाचकांनी चौकटी उजवीकडून डावीकडे, सावकाश वाचाव्यात. घाईत संवाद नसलेल्या चौकटी हमखास निसटतात.

– एक मांगावाचक